व्हर्च्युअल मशीनचा प्रोसेसर : बिटांच्या रांगेपासून एका ड्रॉपडाउनपर्यंत

एका खऱ्या सर्व्हरवर अनेक आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्सवर चार-पाच वर्षांपूर्वी बनवलेलं एखादं मशीन उघडा आणि आतल्या लिनक्सला प्रोसेसरचं नाव विचारा. खालचा सर्व्हर कितीही नवा आणि महागडा असो, बऱ्याचदा उत्तर येतं, 'कॉमन केव्हीएम प्रोसेसर'. या नावाचा प्रोसेसर कुठल्याच दुकानात मिळत नाही. त्याची ऐपत साधारण ६४ बिटी पेंटियम ४ एवढी. एन्क्रिप्शन झटपट करणाऱ्या एईएस सूचना त्याला येत नाहीत, म्हणून ते काम सॉफ्टवेअरलाच रेटावं लागतं. खालच्या खऱ्या चिपला मात्र त्या येत असतात. घरात मिक्सर असून पाट्यावर वाटण वाटत बसावं, तसला हा प्रकार.

हे दुर्लक्षामुळे झालेलं नाही, मुद्दाम केलेलं आहे. त्याची कारणं बरीच मागची.

प्रोसेसरलाच 'तू कोण आणि तुला काय काय येतं' असं विचारायची सोय इंटेलने १९९३ मध्ये पेंटियमबरोबर रुळवली. त्या सूचनेचं नाव सीपीयूआयडी. शून्य क्रमांकाचा प्रश्न विचारला की बारा अक्षरी उत्तर येतं, 'जेन्युइनइंटेल' किंवा 'ऑथेंटिकएएमडी'. पुढच्या प्रश्नांना बत्तीस-बत्तीस बिटांची उत्तरं मिळतात आणि त्यातले बरेचसे बिट म्हणजे एकेका क्षमतेला हो किंवा नाही. हेच ते फ्लॅग. व्हर्च्युअल मशीनमध्ये हा प्रश्न थेट चिपपर्यंत पोचत नाही. मध्ये हायपरवायझर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, बसलेला असतो आणि लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखी तोच स्थळाची माहिती सांगतो. काय सांगायचं आणि काय झाकायचं, ते त्याच्या हातात. (ही पकड पक्की झाली ती इंटेलने २००५ च्या शेवटी आणि एएमडीने २००६ मध्ये व्हर्च्युअलायझेशनसाठी हार्डवेअरमध्येच आधार दिल्यावर. त्याआधी गेस्टमधला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधला, साधा प्रोग्राम मध्यस्थाला वळसा घालून थेट चिपला विचारू शकत असे.)

झाकायचं कशासाठी? चालू मशीन बंद न करता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता यावं म्हणून. व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हीएमवेअरने २००३ मध्ये हे करणारं व्हीमोशन आणलं आणि हा प्रश्न डेटा सेंटरमध्ये येऊन उभा राहिला. प्रोग्राम आपली चौकशी सुरू होतानाच उरकून घेतात. लिनक्सची जीलिबसी लायब्ररी घ्या. मेमरीतला मजकूर इकडून तिकडे कॉपी करण्याच्या तिच्याकडे अनेक तऱ्हा असतात, आणि प्रोग्राम उभा राहताना फ्लॅग बघून ती त्यातली सर्वात वेगवान तऱ्हा निवडते. नंतर पुन्हा कोणी विचारत नाही. मशीन नव्या सर्व्हरवरून जुन्यावर गेलं आणि निवडलेली सूचना तिथं नसली, की 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून प्रोग्राम जागेवर कोसळतो. दोष ना प्रोग्रामचा, ना प्रोसेसरचा. मध्यस्थाने आधी कबूल केलेलं नव्या घरात मिळालं नाही, एवढंच.

सुरुवातीला यावरचा उपाय अक्षरशः बिट मोजण्याचा होता. व्हीएमवेअरच्या सेटिंगमध्ये एक खिडकी असे आणि तिच्यात प्रत्येक रजिस्टरसाठी बत्तीस खुणांची ओळ. चार-चारांच्या आठ गटांत आडव्या रेघा, शून्य, एक आणि काही इंग्रजी अक्षरं. कुठल्या जागी काय लिहायचं हे इंटेलच्या जाडजूड मॅन्युअलमधून शोधायचं. एक खूण सरकली तर वेगळीच क्षमता बंद व्हायची. २००८ मध्ये व्हीएमवेअरचं ईव्हीसी आलं आणि सगळ्या क्लस्टरला, म्हणजे सर्व्हरांच्या गटाला, एकच प्रोसेसर-पिढी नेमून देता येऊ लागली. रांगेतला सर्वात जुना सर्व्हर कुठल्या पिढीचा ते बघा, ती निवडा, बाकीचे सगळे तेवढेच असल्याचं सोंग घेतील. माझ्या मते या सगळ्या प्रवासातली ही पहिली खरी सोय. बिट लपले हे तर झालंच, पण प्रश्नही बदलला. 'कुठला फ्लॅग हवा' याऐवजी 'हे मशीन कुठे कुठे नांदणार' असं विचारलं जाऊ लागलं.

लिनक्सच्या बाजूला गाडी जरा उशिरा सुटली. फाब्रिस बेलार्डचं क्यूईएमयू, म्हणजे संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम, २००३ चं. अवी किव्हिटी यांचं केव्हीएम, म्हणजे लिनक्सलाच हायपरवायझर बनवणारा भाग, फेब्रुवारी २००७ मध्ये २.६.२० या कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) शिरलं. क्यूईएमयूला प्रोसेसर सांगायचा म्हणजे कमांडमध्ये एक नाव लिहायचं आणि त्यापुढे अधिक-उणे चिन्हं लावून फ्लॅगांची माळ ओवायची. नाव काहीच दिलं नाही तर मिळणारा प्रोसेसर जाणूनबुजून गरीब ठेवलेला, कुठेही चालेल असा. २००९ च्या शेवटी ही यंत्रणा हाताळणाऱ्या लिबव्हर्टमध्ये प्रोसेसर-मॉडेलांची सोय आली. तिच्या पाठोपाठ २०१० मध्ये एक कमांड आली, 'सीपीयू-बेसलाइन'. तिला सगळ्या होस्टांचं (खालच्या खऱ्या सर्व्हरांचं) वर्णन द्यायचं, ती सर्वांत सामाईक असलेलं तेवढं काढून देते. शाळेत मसावि काढला असेल तर ही कमांड समजवायला दुसरं काही लागत नाही.

२०१२ मध्ये लिबव्हर्टने आणखी दोन पर्याय दिले. 'होस्ट-पासथ्रू' म्हणजे खाली जे आहे ते जवळपास जसंच्या तसं वर दाखवा. 'होस्ट-मॉडेल' म्हणजे होस्टच्या सर्वात जवळचं नाव शोधा, उरलेले फ्लॅग त्याला जोडा आणि ते वर्णन मशीनबरोबर पुढेही न्या. कागदावर दुसरा पर्याय अधिक शहाणा. प्रत्यक्षात लिबव्हर्ट आपल्या वहीतून हिशेब करी आणि क्यूईएमयू आपल्या वहीतून, त्यामुळे मागितलेला प्रोसेसर आणि मिळालेला प्रोसेसर यांत फरक पडे. २०१७ मध्ये लिबव्हर्ट ३.२ क्यूईएमयू २.९ लाच थेट विचारू लागलं, तेव्हा कुठे हा पर्याय ठरल्याप्रमाणे चालायला लागला. दिसायला एक शब्द, जुळवायला पाच वर्षं.

एवढं होईस्तोवर नावांचीच पंचाईत सुरू झालेली होती. इंटेलची 'हॅसवेल' पिढी म्हटलं की कुठल्या क्षमता, हे एकदा ठरलं की कायमचं ठरलं असं सगळे धरून चालले होते. हॅसवेल २०१३ मध्ये आला तो टीएसएक्स नावाच्या सूचना घेऊन. ऑगस्ट २०१४ मध्ये त्यात दोष असल्याचं इंटेलने जाहीर केलं आणि मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या) अपडेटने त्या बंद केल्या. बाजारातला हॅसवेल आणि यादीतला हॅसवेल आता वेगळे झाले. मॉडेलची व्याख्या बदलावी, तर त्याच नावाने चालू असलेल्या जुन्या मशीनना वेगळा प्रोसेसर दिसणार. म्हणून २०१५ मध्ये यादीत नवं नाव घातलं गेलं, 'हॅसवेल-नोटीएसएक्स'.

मग ३ जानेवारी २०१८ ला मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरांमधले सुरक्षा-दोष उघड झाले. स्पेक्टरपासून बचावासाठी मायक्रोकोडने प्रोसेसरला नवी क्षमता दिली, पण ती असल्याचा फ्लॅग मध्यस्थाने पुढे सांगितला नाही तर गेस्टला तिचा उपयोग शून्य. होस्ट अपडेट केला, गेस्ट अपडेट केला, आणि मधल्या प्रोसेसर-मॉडेलमध्ये तो बिट नाही म्हणून गेस्ट उघडाच, अशी स्थिती. शिवाय मशीनच्या आतून रीबूट करून भागत नव्हतं, ते पूर्ण बंद करून नव्याने चालू करावं लागे. फेब्रुवारीत क्यूईएमयू २.११.१ ने नावांना आणखी शेपट्या लावल्या : इंटेलला 'आयबीआरएस', एएमडीला 'आयबीपीबी'. 'हॅसवेल-नोटीएसएक्स-आयबीआरएस' हे नाव त्यातलंच, आणि सोपा पर्याय म्हणून ड्रॉपडाउनमध्ये हे वाचायचं होतं!

त्याच जानेवारीत गंमत अशी झाली की नव्या मायक्रोकोडने काही सर्व्हर आपोआप रीबूट होऊ लागले आणि तो तूर्त लावू नका असं इंटेललाच सांगावं लागलं. ज्यांनी तो आधीच चढवला होता त्यांच्यासाठी व्हीएमवेअरने तात्पुरता उपाय दिला : होस्टच्या एका फाइलच्या शेवटी एक ओळ लिहा. आठ चौकड्या, सगळीकडे आडव्या रेघा, फक्त दुसऱ्या चौकडीत दोन शून्यं. ईव्हीसी येऊन दहा वर्षं झाली होती आणि लोक पुन्हा रेघा मोजत बसले होते.

ऑगस्ट २०१९ मध्ये क्यूईएमयू ४.१ ने मॉडेलांना आवृत्तिक्रमांक दिले. हॅसवेल-व्ही१ म्हणजे मूळचा, व्ही२ टीएसएक्सविना, व्ही३ स्पेक्टरच्या बचावासह, व्ही४ दोन्ही. जुनी लांबलचक नावं टोपणनावं म्हणून राहिली. मला हा तोडगा प्रामाणिक वाटतो, पण तो यंत्रणा लिहिणाऱ्यांच्या सोयीचा. व्ही२ आणि व्ही३ मध्ये काय बदललं हे आकड्यावरून कुणाला कळणार?

सामान्य वापरणाऱ्याच्या कामाची गोष्ट दुसरीकडून आली. २०२० मध्ये एएमडी, इंटेल, रेड हॅट आणि सुसे यांनी मिळून एक्स८६-६४ च्या, म्हणजे इंटेल-एएमडीच्या ६४ बिटी प्रोसेसरांच्या, पायऱ्या ठरवल्या. व्ही२ साधारण २००८ च्या नेहेलमएवढी, व्ही३ हॅसवेलएवढी, व्ही४ मध्ये एव्हीएक्स-५१२ या एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचना. उद्देश व्हर्च्युअल मशीनचा नव्हता, लिनक्सच्या वितरणांनी किमान कुठला प्रोसेसर गृहीत धरायचा एवढाच होता. पण २०२२ मध्ये रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ ने व्ही२ सक्तीची केली आणि 'कॉमन केव्हीएम प्रोसेसर' उघडा पडला. नवं मशीन सुरू करावं तर पडद्यावर 'सीपीयू डज नॉट सपोर्ट एक्स८६-६४-व्ही२' अशी जीलिबसीची ओळ येई आणि मागोमाग कर्नल पॅनिक, म्हणजे मशीन ठप्प. खाली त्याच वर्षीचा सर्व्हर असला तरीही.

जून २०२३ मध्ये आलेल्या प्रॉक्समॉक्स ८ ने वेब इंटरफेसमधला आधीच निवडलेला पर्याय बदलून 'एक्स८६-६४-व्ही२-एईएस' केला. म्हणजे पायरी दुसरी, वर एन्क्रिप्शनच्या सूचना. एकाच सर्व्हरवर काम भागत असेल आणि मशीन कुठे हलवायचंच नसेल, तर मी आजही सरळ 'होस्ट' निवडेन. क्लस्टर असेल तर त्यातल्या सर्वात जुन्या सर्व्हरला झेपेल ती सर्वात वरची पायरी.

प्रॉक्समॉक्सच्या या नव्या पर्यायातही एव्हीएक्स नाही, कारण ते तिसऱ्या पायरीवर येतं. मोंगोडीबी या डेटाबेसला ५.० पासून ते लागतं, म्हणून नव्या प्रॉक्समॉक्सवर काहीही न बदलता बनवलेल्या मशीनमध्येही ते 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून थांबतं. आणि बदल झाला तो फक्त नव्याने बनणाऱ्या मशीनपुरता. ज्यांच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरचा रकाना कधी भरलाच गेला नाही, ती जुनी मशीन अपडेटनंतरही आपला प्रोसेसर 'कॉमन केव्हीएम' असल्याचंच सांगतात.