रस्ते झाडण्याचे यंत्र : विकत घ्यावे की भाड्याने?

शहराचे रस्ते यंत्राने झाडायचे ठरले की पहिली विचारणा दराची होते. आम्ही ही यंत्रे विकतोही आणि भाड्यानेही देतो, त्यामुळे तुम्ही कोणताही पर्याय निवडलात तरी आमचे काम चालतेच. त्याच जोरावर हे पत्रक थोडे मोकळेपणाने लिहिले आहे. आमचे म्हणणे एवढेच, की दरपत्रक उघडण्याआधी यंत्राचे तास मोजा.

आपल्याला यंत्र किती लागते?

झाडताना यंत्र साधारण ताशी ५ ते १० किलोमीटर वेगाने चालते. पाळी आठ तासांची असली तरी डेपोतून जाणे-येणे, पाणी भरणे आणि कचरा रिकामा करणे यात बराच वेळ जातो. ब्रश रस्त्याला टेकलेला असतो तो पाचएक तास, असे धरू. ताशी ६ किलोमीटरने ३० किलोमीटर कडा झाडून होते. रस्त्याला दोन कडा, म्हणजे प्रत्यक्षात १५ किलोमीटर रस्ता. आठवड्याचे सहा दिवस काम आणि प्रत्येक रस्ता आठवड्यातून दोनदा, असा क्रम ठेवला तर एका पाळीत एक यंत्र ४५ किलोमीटर रस्ते सांभाळते. दुभाजक असेल तर त्याच्याही कडा धरा, आकडा आणखी खाली येतो. आपल्या शहरासाठी हे गणित मांडले की यंत्र रोज राबणार आहे की अर्धा आठवडा डेपोत उभे राहणार, ते कळते.

हिशेब कसा मांडावा

यंत्राची किंमत १०० धरा. सात वर्षे वापरून ते २० ला विकले जाईल आणि पैशांवर वर्षाला ८ टक्के व्याज पडते, असे समजू. मग नुसत्या मालकीचा खर्च वर्षाला सुमारे १७ येतो. त्यात देखभाल मिळवा. ती सुरुवातीला कमी असते, पुढे वाढत जाते. सरासरी ७ धरली तर एकूण २४. समोर भाडे महिन्याला २ असेल आणि देखभाल त्यातच असेल, तर तेही वर्षाला २४. म्हणजे बरोबरी! हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण पारडे कशाने झुकते ते यातून दिसते. तुमच्या कार्यशाळेने देखभाल ५ वर आणली तर खरेदी स्वस्त पडते. आणि यंत्र वर्षातून चारच महिने लागणार असेल, तर महिन्याला ३ असे चढे भाडे देऊनही खर्च १२ वर थांबतो. मालकीचे १७ मात्र यंत्र उभे असले तरी चुकत नाहीत.

इंधन आणि ऑपरेटरचा पगार दोन्हीकडे सारखाच, म्हणून इथे धरला नाही. ऑपरेटरसह भाड्याने घेणार असाल तर तो वेगळा हिशेब.

देखभालीबद्दल सविस्तर, कारण घोडे इथेच अडते

बाजूचे ब्रश सर्वांत आधी झिजतात. दाब जास्त दिला तर आणखी लवकर, आणि रस्ता काही जास्त स्वच्छ होत नाही. सक्शनच्या, म्हणजे हवेने कचरा ओढून घेणाऱ्या यंत्रात खरा जीव पंख्यात असतो. वाळू आणि खडी ओढून ओढून त्याची पाती झिजतात, हवेचा जोर कमी होतो आणि यंत्र फिरताना दिसते पण बारीक धूळ मागेच राहते. पाण्याचे फवारे बुजले तर धूळ उचलण्याऐवजी उडते. कचऱ्याची टाकी, म्हणजे हॉपर, रोज धुतला नाही तर ओल्या कचऱ्याने गंजतो.

यातले काहीच अवघड नाही, पण ते रोज करणारा माणूस हवा. हायड्रॉलिकची कामे जाणणारा मेकॅनिक आणि सुट्या भागांचा साठा तुमच्याकडे असेल, तर बिनधास्त विकत घ्या. नसेल, तर देखभालीसह भाडेकरार घ्या. कागदावर तो महाग दिसेल, पण खरेदी केलेले यंत्र एका सुट्या भागासाठी महिनाभर अडून राहिले, तर तो खर्च कोणत्याही दरपत्रकात दिसत नाही.

करारात काय वाचावे

तासांची मर्यादा आणि तिच्यावरील प्रत्येक तासाचा दर. ब्रश, फिल्टर, टायर कोणाच्या खर्चाने. विमा कोणाचा. यंत्र बंद पडले तर पर्यायी यंत्र किती वेळात येणार, आणि तोवरचे भाडे थांबणार का. हे शेवटचे कलम बहुतेक करारांत मोघम असते; आमच्या करारातही तासांचा आकडा लिहून मागा. यंत्र परत करताना ‘नेहमीची झीज’ कशाला म्हणायचे यावरून वाद होतात, म्हणून ताब्यात घेतानाच हॉपर, पंखा आणि खालच्या बाजूचे फोटो काढून दोघांनी सह्या कराव्यात. मुदतीआधी करार मोडल्यास काय भरावे लागेल, तेही विचारा.

भाड्याने घेतले म्हणजे हिशेबाच्या वहीत कर्ज दिसत नाही, असे अजूनही ऐकू येते. आयएफआरएस १६ हे लेखामानक २०१९ पासून लागू झाले आणि सार्वजनिक संस्थांसाठीचे आयपीएसएएस ४३ हे २०२५ पासून. ही मानके पाळणाऱ्यांना १२ महिन्यांहून मोठ्या मुदतीचे भाडेकरार सहसा ताळेबंदात दायित्व म्हणून दाखवावे लागतात. तुम्हाला कोणते नियम लागू आहेत, ते लेखाविभागाला आधी विचारून घ्या.

आमचा कल

वर्षभर रोज चालणारी यंत्रे विकत घ्यावीत. पानगळ, उत्सव किंवा बांधकामाच्या धुळीच्या काळापुरती वाढीव यंत्रे भाड्याने आणावीत. यंत्रावर पहिल्यांदाच काम करणाऱ्या शहराने आधी एक हंगाम भाड्याने चालवून पाहावे. अरुंद गल्ल्यांत मोठे यंत्र वळत नाही, हे खरेदीनंतर कळलेले परवडत नाही. बॅटरीवरच्या यंत्रांसाठी सध्या आम्ही भाडेच सुचवतो. तंत्र वेगाने बदलते आहे आणि बॅटरीची क्षमता घटण्याची जोखीम पुरवठादाराकडे राहते, मात्र करारात तसे लिहिलेले हवे. डेपोतली चार्जिंगची सोय दोन्हीकडे तुम्हालाच करावी लागेल.

आमच्याकडे येताना रस्त्यांची लांबी, सर्वांत अरुंद रस्त्याची रुंदी, कचरा टाकण्याच्या जागेचे अंतर आणि आधीचे यंत्र असल्यास त्याच्या मीटरची नोंदवही आणा. तेवढ्यावर दोन्ही पर्यायांचे आकडे शेजारी-शेजारी मांडून देऊ.