औषध चुकल्यावर सिस्टरचं काय होतं: पार्श्वभूमी

इन्सुलिनच्या लाल टोपीच्या सिरिंजवर ४० युनिट म्हणजे १ मिली, केशरी टोपीच्या सिरिंजवर १०० युनिट म्हणजे १ मिली. १०० ताकदीचं इन्सुलिन घाईत लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर रुग्णाला २० नव्हे, ५० युनिट जातात आणि साखर झपाट्याने उतरते. दोन्ही सिरिंजा एकाच ट्रेमध्ये कशा आल्या, हे चौकशीत क्वचितच विचारलं जातं. मेमो मिळतो तो नाइट ड्युटीच्या सिस्टरला. मग झोप उडते, तोच क्षण डोळ्यांपुढे येत राहतो, आणि साधं सलाइन लावतानाही हात थरथरतो.

या त्रासाची उघड चर्चा फार जुनी नाही. १९८४ मध्ये डेव्हिड हिलफायकर या अमेरिकी डॉक्टरांनी स्वतःच्या चुकांवर जाहीरपणे लिहिलं. १९९९ च्या एका अमेरिकी अहवालाने तिथल्या रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे वर्षाला ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असल्याचा अंदाज मांडला, आणि दोष माणसापेक्षा कामाच्या रचनेत शोधा, असं सांगितलं. पुढच्याच वर्षी डॉ. अल्बर्ट वू यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एका शिकाऊ डॉक्टरची हकिगत लिहिली. हृदयाभोवती पाणी साचल्याची ईसीजीतली खूण त्याच्या नजरेतून सुटली आणि सहकाऱ्यांनीच त्याला आरोपी ठरवलं. पहिला बळी रुग्ण, म्हणून अशा माणसाला वू यांनी ‘दुसरा बळी’ म्हटलं. २०१९ मध्ये त्याच नियतकालिकात पीडित कुटुंबांतल्या लोकांनी या शब्दाला हरकत घेतली. ती रास्तच आहे: कर्मचाऱ्याला आधार देताना नातेवाइकांना खरं सांगायचं राहता कामा नये.

मिसुरी विद्यापीठाच्या सुझन स्कॉट यांनी २००९ मध्ये ३१ जणांच्या मुलाखतींतून या त्रासाचे सहा टप्पे मांडले. शेवटच्या टप्प्यावर तीन वाटा फुटतात: काम सोडणं, कसंबसं तग धरणं, किंवा शिकून उभं राहणं. तिथे आधाराची रचनाही तीन थरांची झाली. आधी वॉर्डातला माणूस, मग त्यासाठी तयार केलेला सहकारी, गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञ.

आपल्याकडे चर्चा कायद्याभोवतीच फिरत राहिली. १९९५ मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा घोर असला पाहिजे, असं ठरवलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या (नव्या फौजदारी कायद्याच्या) कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोंदणीकृत डॉक्टरांसाठी ती दोन वर्षांपर्यंत आहे, पण या सवलतीच्या व्याख्येत नर्स बसत नाही. सिस्टर घाबरून गप्प बसते, त्याचं एक कारण हे.

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात भाषेचा पेच वेगळाच. केसपेपर इंग्रजीत, सरकारी पत्रव्यवहार कन्नडमध्ये, खानापूर किंवा चंदगडहून आलेले नातेवाईक मराठी. फोनवर सांगितलेला डोस ऐकणाऱ्याने अंक सुटे करून परत म्हणायचा: ‘फिफ्टीन’ नव्हे, ‘वन-फाइव्ह’. आणि चूक झालीच, तर खुलासा ज्या भाषेत मागतात तिच्यात मन मोकळं करता येईलच असं नाही. म्हणून आधार देणारा सहकारी तिची बोली कळणारा हवा, आणि तो चौकशी समितीत अजिबात नको. तसं झालं की दुसऱ्या वेळी कोणी तोंड उघडत नाही.

पहिल्या काही तासांचा क्रम असा: आधी रुग्ण सांभाळायचा, अँप्युल, सिरिंज, बाटली फेकायची नाही, वेळेसह नोंद करायची, आधीची नोंद खोडायची नाही. नातेवाइकांशी वरिष्ठांनी, त्यांच्या भाषेत बोलायचं. त्या सिस्टरला उरलेल्या ड्युटीतून मोकळं करायचं, गाडी चालवत एकटं घरी पाठवायचं नाही. लेखी खुलासा त्याच रात्री मागू नये. धास्तावलेला माणूस घडलं त्याहून जास्त दोष अंगावर घेऊन लिहितो. ‘मन घट्ट कर’ म्हणण्यापेक्षा शेजारी बसून ऐकावं, दुसऱ्या दिवशी फोन करावा, आठवड्याने पुन्हा करावा. या बोलण्याची कुठे नोंद ठेवू नये. झोप येतच नसेल, जगणं नको वाटत असेल, तर थांबायचं नाही. तिला एकटं सोडायचं नाही आणि लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेलि-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही आणि कन्नडमध्येही. हा नंबर ड्युटी रूममध्ये फोनशेजारी मोठ्या अक्षरांत लावावा.