वेचणीला मजूर का मिळत नाहीत?

‘रोजगार हमीच्या कामांमुळे कापूस वेचायला मजूर मिळत नाहीत’ हा संदेश विदर्भातील गावोगावी वर्षानुवर्षे फिरतो आहे. वेचणीच्या दिवसांतली शेतकऱ्याची ओढाताण खरी आहे. कारण मात्र वेगळे आहे. २००५च्या कायद्याने हमी दिली ती वर्षाला १०० दिवसांची, तीही संपूर्ण कुटुंबामागे. आणि या कामांची मागणी वाढते ती प्रामुख्याने उन्हाळ्यात, जेव्हा शेते रिकामी असतात. वेचणी दिवाळीच्या आसपास जोर धरते, साऱ्या शिवाराचा कापूस एकाच सुमारास फुटतो आणि हे काम बहुतांशी बायांच्याच हातांवर चालते, म्हणून टंचाई जाणवते. पडताळणीसाठी ग्रामपंचायतीत हजेरीपट मागावेत आणि त्यांवरील तारखा आपल्या वेचणीच्या तारखांशी ताडून पाहाव्यात.