आश्रयनगरे (लेखकांसाठीची)

लिखाणापायी जिवावर बेतलेल्या किंवा तुरुंगाची टांगती तलवार असलेल्या लेखकाला ठरावीक काळ, बहुधा दोन वर्षे, घर आणि निर्वाहापुरते पैसे देणारी शहरे. नाव मूळ बायबलातले. हातून नकळत मनुष्यवध घडलेल्याला सूडापासून वाचवायला तिथे सहा नगरे राखून ठेवली होती. लेखकाचा ‘गुन्हा’ मात्र सहसा जाणूनबुजून केलेला असतो.

अल्जीरियात १९९३ साली कवी-पत्रकार ताहार जाऊत यांची हत्या झाली. त्या धक्क्यातून आंतरराष्ट्रीय लेखक संसद उभी राहिली. सलमान रश्दी तिचे पहिले अध्यक्ष. तिने युरोपातल्या शहरांना आसरा देण्याची गळ घातली. संसद पुढे मोडली, तेव्हा २००५-०६ मध्ये नॉर्वेतील स्टॅव्हांगर शहराच्या पुढाकाराने ‘आयकॉर्न’ हे जाळे विणले गेले. त्यात आज ७०हून अधिक शहरे आहेत. अर्जदारावरचे संकट खरे आहे का, हे ‘पेन इंटरनॅशनल’ या लेखकांच्या जागतिक संघटनेच्या मदतीने पडताळले जाते. अर्ज जागांहून कितीतरी जास्त येतात.

घरांच्या गोष्टी ऐकण्यासारख्या आहेत. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये अशा लेखकांना मिळते ती मेरवेदेप्लेन चौकातली अ‍ॅन फ्रँकच्या कुटुंबाची सदनिका. १९४२ मध्ये फ्रँक मंडळी नाझींपासून लपायला इथूनच बाहेर पडली. सदनिका पुन्हा १९३०च्या दशकातल्यासारखी सजवली आहे. अमेरिकेत पिट्सबर्गच्या सॅम्प्सोनिया वे या गल्लीत २००४ साली चिनी कवी हुआंग शियांग राहायला आले. मायदेशी त्यांच्या कवितांवर बंदी होती आणि अनेक वर्षे तुरुंगात गेली होती. त्यांनी आपल्या कविता घराच्या दर्शनी भिंतीवरच मोठमोठ्या चिनी अक्षरांत रंगवल्या. गल्लीत ती लिपी कोणाला येत असेल!

व्यवस्थेची मेख एकच: घर शहराचे, व्हिसा मात्र देशाच्या सरकारचा. शहराने होकार दिला तरी वकिलातीचा शिक्का लागतोच. बांगलादेशी ब्लॉगलेखक अनंत बिजय दास यांना स्वीडनच्या लेखक संघटनेचे आमंत्रण होते, पण ते परतणार नाहीत या शंकेने व्हिसा नाकारला गेला. १२ मे २०१५ रोजी सिल्हेटमध्ये त्यांना रस्त्यात कोयत्यांनी मारले.

त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला ढाक्यात प्रकाशक अहमेदुर रशीद टुटुल यांच्यावर त्यांच्या कचेरीत हल्ला झाला. ते वाचले आणि आश्रय मिळाला तो नॉर्वेच्या शीएनमध्ये, म्हणजे नाटककार इब्सेनच्या जन्मगावी. इब्सेन स्वतः २७ वर्षे परदेशात राहिलेला. ‘शुद्धस्वर’ हे आपले नियतकालिक टुटुल यांनी तिथूनच इंटरनेटवर पुन्हा सुरू केले.