दालनात इतका अंधार का?

कलासंग्रहालयाच्या अभिप्राय वहीत एक तक्रार हमखास सापडते: दिवे फार मंद आहेत, चित्रं नीट दिसत नाहीत. तक्रार खरी असते. रेखाटनं, जलरंग, कापड, रंगीत छायाचित्रं यांच्यावर संग्रहालयं साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) इतकाच उजेड पडू देतात. भर दुपारच्या उन्हात हाच आकडा एक लाखाच्या आसपास असतो. यात वीज वाचवण्याचा हेतू नसतो आणि गूढ वातावरण तयार करण्याचाही नसतो. ज्या उजेडात चित्र दिसतं, तोच उजेड चित्राला खात असतो, एवढंच.

रंगाच्या रेणूवर प्रकाशकण आदळला की कधी कधी त्यातला एखादा बंध तुटतो. रेणू मोडला की रंग गेला. नंतर कितीही काळ अंधारात ठेवा, तो परत येत नाही. अतिनील किरणांमध्ये ऊर्जा जास्त, म्हणून ते आधीच गाळून टाकतात, पण साधा दिसणारा प्रकाशही निरुपद्रवी नाही. शिवाय नुकसान ठरतं ते तीव्रता गुणिले वेळ या हिशेबानं. १०० लक्समध्ये एक महिना काय आणि ५० लक्समध्ये दोन महिने काय, रंगाच्या दृष्टीनं जवळपास सारखंच.

आता प्रदर्शनाचं गणित मांडून बघा. ५० लक्स, रोज ८ तास, ९० दिवस. झाले ३६,००० लक्स-तास. भर उन्हात एवढा प्रकाश जेमतेम २२ मिनिटांत पडतो, म्हणजे संग्रहालयानं काटकसर चांगलीच केली. पण सर्वांत नाजूक रंगांसाठी सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगानं सुचवलेली मर्यादा वर्षाला फक्त १५,००० लक्स-तास आहे. तीन महिन्यांत त्या कागदानं जवळपास अडीच वर्षांचा शिधा संपवला! मग पुढचा बराच काळ त्याला पेटीत, अंधारात काढावा लागतो. संग्रहालयात प्रत्येक वस्तूच्या येण्याजाण्याची नोंद ठेवणारा रजिस्ट्रार असतो. प्रदर्शन रचणाऱ्या क्युरेटरनं मोठ्या हौसेनं एखादं रेखाटन मागितलं की रजिस्ट्रार आधी जुन्या नोंदी उघडतो, आणि बरेचदा ‘यंदा नाही’ म्हणतो. प्रदर्शनाच्या यादीतून पहिली नावं गळतात ती अशी, कलेच्या वादात पडण्याआधीच.

५० लक्स पुरेसे वाटावेत यासाठी डोळ्यांना उसंत द्यावी लागते. उजेडातून अंधारात आल्यावर डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींना जुळवून घ्यायला दहाएक मिनिटं लागतात आणि मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशींना वीस-तीस. त्यामुळे काचेच्या लख्ख प्रवेशद्वारातून थेट जलरंगांच्या खोलीत कोणी शहाणा माणूस प्रेक्षकाला ढकलत नाही. आधी शिल्पं, धातू, दगड, ज्यांना उजेडाचं काही वाटत नाही. मग तैलरंग, दीडशे-दोनशे लक्समध्ये. मग कागद. खोल्यांचा क्रम आपल्याला कलेच्या इतिहासाचा वाटतो. निदान काही वेळा तरी तो आपल्या डोळ्यांसाठी लावलेला असतो. व्हिडिओ आणि कागद शेजारी दिसले तर त्यामागेही हेच कारण असू शकतं. दोघांनाही अंधार हवा असतो.

पांढरी भिंत मात्र निसर्गनियम नाही, ती सवय आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सलों या मोठ्या प्रदर्शनांमध्ये चित्रं जमिनीपासून छतापर्यंत चौकटीला चौकट लावून टांगत. एका ओळीत, मोकळी जागा सोडून, फिक्या भिंतीवर चित्र लावायची रीत रुळली ती विसाव्या शतकात. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचा त्यात मोठा वाटा होता. आता चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर येईल असं टांगतात, म्हणजे सरासरी नजरेच्या थोडं खाली. मला स्वतःला वाटतं, मंद उजेडात पांढरी भिंत जरा अतीच होते. कागदापेक्षा भिंतच उजळ दिसायला लागते. राखाडी भिंतीवर तोच कागद उठून दिसतो, दिवा न वाढवता.

डोळ्यांनंतर पाय. १९१६ मध्ये बोस्टनच्या ललितकला संग्रहालयातल्या बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी ‘संग्रहालयातला थकवा’ या विषयावर लेख लिहिला. एक माणूस काचपेटीतल्या वस्तू नीट पाहण्यासाठी कुठे वाकतो, कुठे उकिडवा बसतो, याचे फोटोच त्यांनी काढले होते. दमवते ती कला नाही, मांडणी दमवते, हे त्या फोटोंतून लख्ख दिसलं. पुढे मानसशास्त्रज्ञ आर्थर मेल्टन यांनी १९३० च्या दशकात प्रेक्षकांवर गुपचूप नजर ठेवली. बरेच जण आत शिरल्यावर उजवीकडे वळतात आणि बाहेरचं दार दिसलं की त्याच्याकडे ओढले जातात, असं त्यांच्या लक्षात आलं. दारालगतच्या बिचाऱ्या चित्राकडे मग कोण बघणार?

किती वेळ बघतात, हेही मोजलेलं आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एका नामांकित चित्रापुढे सरासरी २७ सेकंद थांबत होते. मध्यक मात्र १७ सेकंदांचा होता. म्हणजे निम्मे लोक १७ सेकंदांच्या आत पुढे सरकले आणि काही मोजक्या रेंगाळणाऱ्यांनी सरासरी वर खेचली. एका चित्रासाठी वर्षभर पत्रव्यवहार, विमा, खास बनवलेली लाकडी पेटी, आणि समोर १७ सेकंद! यावर क्युरेटरकडे जे उपाय असतात त्यांतला सगळ्यात स्वस्त म्हणजे बाक. दुसरा, दारातून सरळ नजर जाईल त्या रेषेच्या टोकाला महत्त्वाची कलाकृती ठेवणं. हे आधी कागदावर नाही, तर छोट्या प्रतिकृतीत करून पाहतात: पुठ्ठ्याच्या भिंती, त्यावर नखाएवढी चित्रं, आणि मग डोकं खाली घालून त्या बाहुलीघराच्या दारातून आत डोकावणं. आता संगणकावरही होतं, पण पुठ्ठा अजून सुटलेला नाही.

आवाजाचं दुखणं वेगळंच आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलनं घटतो, पण बंद दालनातल्या टणक भिंती तो परत फेकतात. गालिचा आणि पडदे वरच्या पट्टीतले सूर गिळतात. खर्जातली घुमघुम मात्र भिंतीपलीकडे पोचतेच. शांत चित्रांच्या खोलीत पलीकडच्या व्हिडिओचा ढोल ऐकू आला तर दोन्ही कलाकृती एकमेकींपासून दूर हलवणं हाच बहुतेक वेळा खरा इलाज.

यातला रसायनशास्त्राचा भाग मला सगळ्यात मजेदार वाटतो, कारण तो दिसतच नाही. लाकूड, प्लायवूड, ताजा रंग, कापड, गोंद यांतून बाष्प निघत राहतं. ओक लाकडातून ॲसेटिक आम्ल सुटतं आणि त्यानं शिशावर पांढरी बुरशीसारखी पूड धरते. १९७३ मध्ये ब्रिटिश म्युझियममधल्या अँड्र्यू ऑडी यांनी यावर एक साधी चाचणी काढली. जे साहित्य वापरायचं त्याचा तुकडा, थोडं पाणी आणि चांदी, तांबं, शिसं यांच्या पट्ट्या नळीत बंद करायच्या आणि ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवायच्या. पट्टी काळवंडली किंवा तिच्यावर पूड धरली की ते साहित्य बाद. म्हणजे काचपेटीतलं अस्तराचं कापड उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात निवडून चालत नाही. उद्घाटनाला रंगाचा ताजा वास येत असेल, तर समजावं की कुणीतरी घाई केली आहे.

समकालीन कलेत तर कलाकृतीच एकमेकींना त्रास देतात. जुन्या टायरच्या रबरातून गंधकाची संयुगं सुटतात आणि कृष्णधवल छायाचित्रांतली प्रतिमा चांदीची असते. गंधकानं चांदी खराब होते. मोठ्या हवेशीर दालनात फारसं बिघडत नाही. पण एकाच बंद काचपेटीत दोघांना ठेवलं तर छायाचित्राचं काही खरं नाही. विषयाच्या दृष्टीनं ही जोडी कितीही शोभो.

मग अवघड प्रश्न येतो: जपायचं नेमकं काय? ब्रिटिश कलाकार डेमियन हर्स्ट यांनी १९९१ मध्ये फॉर्मॅल्डिहाइडच्या टाकीत ठेवलेला शार्क कुजला, द्रव गढूळ झाला आणि २००६ मध्ये शार्कच बदलावा लागला. नाम जून पैक यांच्या दक्षिण कोरियातल्या १९८८ च्या मनोऱ्यात १,००३ जुन्या काचनळीचे टीव्ही होते. सुरक्षिततेसाठी तो २०१८ मध्ये बंद केला गेला. दुरुस्तीत ७३७ नळ्या जुन्याच पद्धतीच्या राहिल्या आणि उरलेल्या २६६ जागी सपाट पडदे आले, बाहेरचं रूप तेच राखून. २०२२ मध्ये मनोरा पुन्हा उजळला. फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस यांचं १९९१ चं काम म्हणजे कोपऱ्यात ओतलेला खाऊच्या गोळ्यांचा ढीग, आदर्श वजन १७५ पौंड, एड्सनं गेलेल्या त्यांच्या जोडीदाराची आठवण. लोकांनी गोळ्या उचलायच्या, ढीग झिजायचा, संग्रहालयानं पुन्हा भरायचा. इथे झीज हाच कामाचा भाग आहे, आणि ‘हात लावू नका’ ही पाटी लावली तर कलाकृतीच मोडेल.

प्रदर्शन उतरवताना प्रत्येक वस्तूची येतानाच्या स्थिती-नोंदीशी पुन्हा ताडणी होते: हा ओरखडा आधीचाच का, हा कोपरा कधी दुमडला. रेखाटनं पेट्यांत जातात. अमेरिकी कलाकार सोल लेविट यांचं थेट भिंतीवर रेखलेलं चित्र असेल तर कामगार रोलर घेऊन येतात आणि त्यावर पांढरा रंग फिरवतात. फायलीत उरतं ते प्रमाणपत्र आणि एक आकृती, पुढच्या भिंतीवर तेच चित्र पुन्हा काढण्यासाठी.