शेंगापोळी, साखर आणि सोलापूरचे सणाचे ताट

सणासुदीला गोड बेताने खावे, हा सल्ला आज सोलापुरात डॉक्टरांपासून घरातल्या लेकीसुनांपर्यंत सगळेच देतात. दोन-तीन पिढ्यांमागे तो कोणी फारसा देत नसे, कारण बेत ठरवणारे वेगळेच होते. कोरडवाहू जमीन, गिरणीचा पगार आणि रेशनकार्ड यांनी इथल्या गोडाधोडाला दीर्घकाळ लगाम घातला होता. हे तिन्ही लगाम एकामागून एक सुटले, सणांचे वेळापत्रक मात्र तसेच राहिले. आजच्या सल्ल्याचे मूळ या घडामोडीत आहे.

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेतला. दुष्काळाची इथली आठवण इतकी जुनी आहे की, बहामनी काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी खुली करणारे दामाजीपंत आजही या भागाचे लोकनायक आहेत. १८७६ ते १८७८ आणि पुन्हा १८९६-९७ च्या दुष्काळांचा तडाखाही या जिल्ह्याला बसला. अशा मुलखात रोजचे अन्न म्हणजे रब्बीची ज्वारी, तीही मालदांडी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण तिचा खरा मान कडक भाकरीत आहे. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि शेंगापोळी हे इथले तिन्ही नावाजलेले पदार्थ कोरडे आणि टिकाऊ आहेत, हा मला योगायोग वाटत नाही. पाण्याची खात्री नसलेल्या प्रदेशाने पुरवून खाता येईल असेच अन्न घडवले.

गोडाची गरज सणांपुरती होती आणि तिथे तीन भाषांची घरे आपापली भर घालत. कन्नड बोलणाऱ्या लिंगायत घरांतली हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, मराठी घरांतली पुरणपोळी आणि तिच्याबरोबरची कटाची आमटी, शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू पद्मशाली विणकर घरांत गोडाबरोबर होणारी, तांदळाच्या पिठाची आणि तिळाची खारी सकिनालू, हे सारे वर्षाच्या ठरलेल्या दिवशीच चुलीवर येई. संक्रांतीला तर सिद्धरामेश्वरांची यात्रा असते. सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, हजारो लोक दिवसभर त्यांच्यामागून चालतात आणि ‘गड्डा’ म्हणून ओळखला जाणारा यात्रेचा बाजार भरतो. या सणाची रचनाही पाहण्यासारखी आहे. संक्रांतीच्या गोडाआधी भोगी येते आणि भोगीचे ताट म्हणजे तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा घालून केलेली भाजी. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण पोळीसाठी झालेली नाही, ती या भाजी-भाकरीसाठी आहे, याचा मात्र पोळीच्या वासात विसर पडतो.

शेंगापोळी करायला लागणारे कष्ट हीसुद्धा तेव्हा एक मर्यादाच होती. शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजायचे, साले चोळून सुपात पाखडायची, तीळ वेगळे भाजायचे आणि दोन्हींचा कूट बारीक चिरलेल्या गुळात, वेलची-जायफळ घालून, मुठीत वळेल इतका मळायचा. पोळी लाटताना सारण कडेपर्यंत पोचले पाहिजे. ते मध्येच राहिले तर कडा नुसत्या कणकेच्या लागतात आणि पोळी फुटली तर सुटलेला गूळ तव्यावर काळा पडून पुढच्या पोळीला कडवटपणा देतो, म्हणून तवा मधूनमधून फडक्याने पुसावा लागतो. दुपारभर चुलीपुढे बसल्यावर जेवढ्या पोळ्या होत, तेवढ्यात घर, शेजार आणि माहेरवाशिणींचे डबे भागवायचे असत. एकाच्या वाट्याला फार काही येत नसे.

या चित्रात साखर उशिरा आली. १९३२ मध्ये देशी साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि त्याच सुमारास सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी अकलूजजवळच्या माळीनगरात कारखाना उभारायला घेतला. पुढे सहकार आला आणि १९८० मध्ये भीमेवरचे उजनी धरण पूर्ण झाल्यावर उसाने ज्वारीची पुष्कळ जमीन व्यापली. आज जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. ज्वारीचा म्हणून ओळखला जाणारा जिल्हा राज्यातला साखरेचा अग्रगण्य जिल्हा झाला, हा बदल एका माणसाच्या आयुष्यात मावेल इतका अलीकडचा आहे.

तरीही शहरात साखर लगेच मुबलक झाली नाही. १८७० च्या दशकात ‘जुनी गिरणी’ ही कापडगिरणी उभी राहिल्यापासून इथली वर्दळ भोंग्यावर चाले आणि दिवाळीचा फराळ बोनसच्या तारखेवर. साखर रेशनवर मिळे. तूप परवडत नसे, तिथे १९३७ पासून बाजारात आलेला डालडा, म्हणजे वनस्पती तूप, कामी आला आणि त्याच्याबरोबर भट्टीवरची नानकटाई दिवाळीच्या डब्यात स्थिरावली. घरी ओव्हन नव्हता; मैदा, पिठीसाखर आणि डालडा डब्यात घालून गल्लीतल्या बेकरीत जायचे, पत्र्याच्या ट्रेवर गोळे मांडायचे आणि आपला ट्रे दुसऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून भट्टीपाशीच ताटकळायचे. नानकटाई अशी वर्षातून एकदाच भाजली जाई, तीही रेशनच्या साखरेतून उरवलेल्या वाट्यावर.

मग गिरण्या बंद पडत गेल्या. लोक यंत्रमागावर, बिडीकामात, दुकानांत आणि पुढे कार्यालयांत गेले, आणि बैठ्या कामाचा वाटा वाढला. रेशनच्या साखरेसाठी कारखान्यांकडून लेव्ही, म्हणजे सरकारी दराने सक्तीचा साखरेचा वाटा, घेण्याची पद्धत २०१३ मध्ये संपली, पण त्याआधीच खुल्या बाजारात साखर हवी तेवढी मिळू लागली होती. केक वाढदिवसाचा झाला, मिठाई निकालाची आणि नव्या गाडीचीही झाली. फराळाचे पदार्थ बारमाही विकत मिळू लागले. सणाच्या दिवशी माणूस आजोबांपेक्षा फार जास्त खातो असे नव्हे. सण नसलेले दिवस कमी झाले, अडचण तिथे आहे. उपवासाने समतोल राखावा म्हटले, तर पंढरपूरच्या या जिल्ह्यातही ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे साबुदाण्याने कधीच सिद्ध केले आहे.

परिणाम आकड्यांत दिसतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने देशात मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी रुग्ण असल्याचा अंदाज दिला; मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे आणखी १३.६ कोटी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवले की, भारतीय बाळे जन्मतः वजनाने कमी असली तरी त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते. आईच्या पोटातच टंचाई सोसलेल्या अशा शरीराला पुढे मुबलकता मिळाली की मधुमेहाचा धोका वाढतो. वारंवार दुष्काळ पाहिलेल्या मुलखात हे निरीक्षण गंभीरपणे घ्यायला हवे.

मर्यादा आता अंकांत सांगितली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार वरून घातलेल्या आणि तत्सम साखरेतून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी, आणि जमल्यास ५ टक्क्यांहून कमी ऊर्जा यावी. २,००० कॅलरींच्या आहारात हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला घातक चरबीवर, भारतात जानेवारी २०२१ पासून ३ टक्क्यांची आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली, त्यामुळे नानकटाईतला एक जुना धोका कमी झाला. तिच्यातली साखर आणि मैदा अर्थातच कायद्याने कमी झालेला नाही. गुळाबद्दल मात्र गोड गैरसमज टिकून आहे. गुळात थोडे लोह आणि इतर खनिजे असतात, पण त्याचा बहुतांश भाग साखरच असतो आणि रक्तातली साखर वाढवण्यात तो मागे राहत नाही.

हा हिशेब पोळीला लावून पाहता येतो. सारण चाळीस ग्रॅम आणि त्यात निम्मा गूळ धरला, तर एका शेंगापोळीत वीस ग्रॅम गूळ आला, म्हणजे कठोर मर्यादेतला दिवसाचा बहुतेक वाटा तिथेच संपला. दाणे-तिळांतून प्रथिने आणि कॅल्शियम मिळते खरे, पण वरच्या तुपासकट उष्मांकही भरपूर मिळतात. मात्र ही पोळी नीट भाजून कोरडी ठेवली तर आठवडाभर सहज टिकते. ती संक्रांतीच्याच दिवशी संपवण्याचे बंधन कधीच नव्हते. भोगीची भाजी आणि भाकरी पोटभर खाऊन वर अर्धी पोळी, उरलेली अर्धी दुसऱ्या दिवशी, असे ती कितीतरी घरांत आजही खाल्ली जाते, आणि मधुमेह असलेल्या घरांत लाटतानाच पोळ्या तळहाताएवढ्या केल्या जातात.