टॅब आणि स्प्लिट पेन (नोट्सच्या अ‍ॅपमध्ये)

नोट्सच्या अ‍ॅपमध्ये एकाच विंडोत बऱ्याच नोट्स उघड्या ठेवायच्या या दोन पद्धती. टॅबमध्ये एका वेळी एकच नोट दिसते, बाकीच्या वरच्या पट्टीत नुसत्या नावाने उभ्या असतात. स्प्लिट केलं की स्क्रीनचे भाग पडतात (अशा एकेका भागाला पेन म्हणतात) नि दोन-तीन नोट्स एकदम समोर येतात. दोन्हीचं काम मात्र वेगळं आहे, मागाहून लागेल ते टॅबात ठेवायचं आणि आत्ता ताडून बघायचंय ते स्प्लिटमध्ये, पण लोक सगळंच टॅबात टाकत जातात आणि मग पट्टी इतकी भरते की नावं अर्धीच दिसतात नि कुठली नोट कुठे तेच कळत नाही.

स्क्रीनचे भाग पाडून लिहिणं प्रोग्रामर मंडळींना जुनंच, विम आणि ईमॅक्स या त्यांच्या जुन्या एडिटरांमध्ये ते कधीपासून आहे. टॅबची सवय आपल्याला ब्राउझरने लावली. ऑब्सिडियन हे नोट्सचं अ‍ॅप 2020 मध्ये आलं तेव्हा पेन होते पण नीट टॅब नव्हते, ते ऑक्टोबर 2022 मध्ये 1.0 बरोबर आले. विंडोज 11 च्या साध्या नोटपॅडलाही टॅब मिळायला 2023 उजाडलं.

खरा उपयोग कळतो तो अभ्यासात. ठाण्यातल्या एखाद्या अभ्यासिकेत एमपीएससीवाल्या मुलाचा लॅपटॉप बघा, ऑब्सिडियन उघडलेलं: डावीकडे सिलॅबस पिन केलेला, म्हणजे जागेवर अडकवून ठेवलेला, उजवीकडे नवी मुंबईची नोट. पिन करायचं कारण असं की पिन केलेल्या टॅबमधल्या लिंकवर क्लिक केलं तरी सिलॅबस जागचा हलत नाही, नवी नोट दुसऱ्या टॅबात उघडते. आता नोटमध्ये महापालिका 17 डिसेंबर 1991 ची लिहिलीय आणि क्लासच्या नोट्समध्ये 1 जानेवारी 1992, तर कंट्रोल आणि ऑल्ट दाबून लिंकवर क्लिक करायचं, क्लासची नोट शेजारी येते. मग लक्षात येतं की दोन्ही तारखा बरोबर आहेत, पहिली स्थापनेची आणि दुसरी कारभार सुरू झाल्याची, नवी मुंबई वसवणारी सिडको तर त्याच्याही आधी 17 मार्च 1970 ची. हेच टॅब बदलत बदलत केलं असतं तर एक तारीख बघेपर्यंत दुसरी डोक्यातून गेली असती. नुसतं कंट्रोल धरून क्लिक केलं तर नोट नव्या टॅबात जाते, मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड, ऑल्टच्या जागी ऑप्शन.

एकच नोट दोन पेनमध्ये उघडता येते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. लांबलचक नोट असेल तर वर मुद्दे ठेवायचे नि खाली लिहीत जायचं, एकीकडे टाइप केलेलं दुसरीकडे लगेच दिसतं. दोन पेन लिंक केले की एकात एडिट आणि एकात रीडिंग मोड ठेवून दोन्ही बरोबर स्क्रोल होतात. टेबलं नि चेकलिस्ट लिहिताना हे फार कामाचं.

किती भाग पाडायचे? चौदा इंची लॅपटॉपवर दोन, बस्स. तिसरा पाडला की ओळी चार-पाच शब्दांवर तुटतात नि वाचायचा कंटाळा येतो. ऐरोली-महापेच्या ऑफिसांत मोठा मॉनिटर असतो तिथे तीन चालतात, एकात मीटिंगचे मुद्दे, एकात कामांची यादी, तिसऱ्यात जे चालू आहे ते. रोज हीच मांडणी लागत असेल तर ऑब्सिडियनच्या सेटिंगमध्ये वर्कस्पेसेस हा प्लगइन (जोड-सुविधा) चालू करायचा, मांडणी नावाने सेव्ह होते. सेव्ह होते ती फक्त मांडणी हां, नोट्सची जुनी प्रत नाही, त्यामुळे बॅकअप समजून त्याच्या भरवशावर राहू नये.

फोनवर हे सगळं आटपतं. स्क्रीन एवढीशी, त्यामुळे स्प्लिट नाही, टॅबचा आकडा दाबून नोट्स एकेक बघायच्या, आणि ठाणे-वाशी लोकलमध्ये एका हाताने दांडा धरून उभं असताना तेवढंच पुरतं. टॅबलेटवर मात्र स्प्लिट चालतं.